गाव मोकळं कधी असतं?

पहाटे ५

आदल्या संध्याकाळी बांधाच्या कडेनं ओली गोणपाटं टाकून ठेवली होती. आता बॅटरी आणि बादली घेऊन आमचे यजमान आप्पा पुढे, आम्ही दोघी मागे. शंखी गोगलगाय रात्रभर खाते आणि उजाडायच्या आत निवारा शोधते. गोणपाट उलटलं की खाली गर्दी असते. हातमोजे घालून एकेक उचलायची आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायची. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात हिनं उगवतं सोयाबीन ओळीच्या ओळी फस्त केलं आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आणली. यंदा पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली, रोपं महिन्याची झाली, तेव्हा मोठा धोका टळला आहे. तरी आप्पा एक दिवस चुकवत नाहीत. गोगलगायीत नर-मादी वेगळे नसतात. प्रत्येक गोगलगाय अंडी घालते, तीही एका खेपेला शंभराच्या वर. आत्ता उचललेली एक मोठी गोगलगाय म्हणजे पुढच्या जूनची तेवढी अंडी कमी.

हेच काम करायला कुणी सकाळी ११ वाजता आलं तर त्याला एकही गोगलगाय दिसत नाही, दिसतात ती फक्त खुडलेली रोपं. मग औषधाचं नाव सांगून तो निघून जातो.

आम्ही कृषी महाविद्यालयाच्या चौथ्या वर्षाच्या सहाजणी. औसा तालुक्यातल्या या गावात सातव्या सत्रासाठी राहायला आलो आहोत. कागदावर ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम’, बोलताना ‘रावे’. या काळात मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. मी वाढले पिंपरी-चिंचवडमध्ये. तीन वर्षं पुस्तकात आणि महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर शेती शिकले, पण प्रक्षेत्रावरची शेती संध्याकाळी कुलूप लावून बंद होते. इथली होत नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळलं.

६.३०

मुक्कामी एसटी हॉर्न देते. कॉलेजची पोरं, औशाला कामाला जाणारी माणसं, दवाखान्याला निघालेली एखादी आजी असे सगळे तिच्यात चढतात. २०२३ च्या मार्चपासून बायकांना तिकीट निम्मं झालं, तेव्हापासून तालुक्याच्या कामाला बायका स्वतः जाऊ लागल्या आहेत, असं आप्पांच्या घरच्या मावशी सांगतात. आधी ‘तेवढं तुम्हीच बघून या’ म्हणून कागद घरातल्या माणसाच्या हाती दिला जायचा.

एसटी गेली की मी डेअरीवर. या वेळी गावातली चाळीसेक माणसं एका ठिकाणी, हातात किटल्या घेऊन, रांगेत उभी असतात आणि नंबर येईपर्यंत त्यांना दुसरं काही काम नसतं. दिवसभरात अशी वेळ पुन्हा येत नाही. मी तक्ते आणत नाही. मशीनवर उमटणारा फॅटचा आकडा हाच धडा असतो.

“गेल्या महिन्यात चार लागत होता, आता साडेतीनच्या पुढं सरकंना. मशीनच बिघडलंय का?” एक काका विचारतात.

मशीन ठीक आहे. पाऊस पडला, कोवळं हिरवं गवत मुबलक झालं, जनावर तेच पोटभर खातं, दूधही वाढतं. पण दुधाची फॅट बरीचशी तंतुमय चाऱ्यावर ठरते आणि कोवळ्या गवतात पाणी जास्त, तंतू कमी. सोबत वाळली वैरण दिली की आकडा सावरतो. हे सांगितलं की पुढचा प्रश्न येतो आणि तो पुस्तकात नाही: “वाळली वैरण आणायची कुठनं?” खरिपाच्या ज्वारीची जागा गेल्या तीस वर्षांत सोयाबीननं घेतली. धान्य विकलं जातं, पैसा येतो, पण कडबा गेला. सोयाबीनच्या भुसकटाला जनावर नाइलाजानं तोंड लावतं. कडबा विकत घ्यायचा तर दुधाचा पैसा त्यातच जिरतो. म्हणजे दुधाच्या आकड्यामागं पीकपद्धतीतला बदल उभा आहे. बांधावर हत्ती गवताची ठोंबं लावता येतील, मक्याचा मुरघास करता येईल, रब्बीत थोडी ज्वारी वाढवता येईल, असं बोलणं होतं. रब्बीच्या ज्वारीवर दोघा-तिघांच्या माना हलतात. मुरघासावर कुणी काही बोलत नाही. त्यासाठी कुट्टी यंत्र लागतं, आणि ते गावात दोघांकडेच आहे.

८

मावशींच्या चुलीवर धपाटे, सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. आम्ही खाईपर्यंत टोळी निघालेली असते. नऊ-दहा बायका, डोक्याला रुमाल, हातात खुरपं, कडेला भाकरीचं फडकं. आज टोळी आप्पांच्याच रानात आहे. या टोळीत अर्ध्या बायका रोजानं आणि अर्ध्या सावडीनं असतात. आज माझ्या रानात तू, परवा तुझ्या रानात मी. मावशी कुणाकडं किती दिवस गेल्या आणि कोण त्यांच्याकडं किती दिवस यायची राहिली, हा हिशेब कुठंही लिहिलेला नसतो आणि तो चुकत नाही.

९ ते १२

वाफसा चांगला आहे. आप्पा कोळपं धरून तासातासानं जातात, त्यांच्यामागं ओळीतलं गवत बायका खुरपतात. पिकाला फुलं लागायच्या आत कोळपणी आटपायला हवी, नंतर मुळं दुखावतात. त्यामुळं या आठवड्यात आप्पांना थांबवून काही विचारणं म्हणजे त्यांचा तास मोडणं. काही विचारायचं असेल तर मी खुरपं घेऊन ओळीत बसते.

आज मला चक्रीभुंगा दाखवायचा होता. मादी देठावर किंवा खोडावर दोन समांतर चकत्या पाडते आणि त्यांच्या मध्ये अंडं घालते. चकतीच्या वरच्या भागाला अन्नपाणी मिळेनासं होतं, तो सुकतो. अळी आतून खोड पोखरत खाली उतरते. बाहेरून झाड उभंच राहतं, शेंगा मात्र भरत नाहीत. सुरुवातीलाच तो भाग चकतीच्या खालून खुडून नष्ट केला तर पुष्कळसं काम फवारणीशिवाय भागतं. मी भिंग काढलं, एक झाड धरलं आणि चकत्या दाखवल्या.

मावशींनी भिंगातून बघितलं. मग भिंग माझ्या हातात देऊन त्या ओळीनं पुढं निघाल्या आणि मी तीन झाडं तपासेपर्यंत त्यांनी मूठभर सुकली पानं खुडून आणली. सगळ्यांच्या देठाला दोन-दोन चकत्या. मी खोड तपासत होते. त्या लांबून हिरव्यात एकच लवलेलं पान हेरत होत्या. तोवर त्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की ही पानं तिथंच टाकायची नसतात, गोळा करून नष्ट करायची असतात, कारण आत अळी जिवंत असते. खुरपणाऱ्या बाईचा हात एका हंगामात प्रत्येक झाडाजवळून दोनदा जातो. किडीचं सर्वेक्षण करायला याहून नेमकी यंत्रणा मला सुचत नाही. फवारणीचा सल्ला मात्र आजवर आप्पांना दिला गेला, कारण सातबारावर नाव त्यांचं आहे आणि कृषी सेवा केंद्रातही तेच जातात.

या तीन तासांत मी हातात कागद घेतला नाही. पाठ भरून येते, बोटांना चिखल लागलेला असतो, आणि शेजारच्या ओळीतून आपोआप गोष्टी ऐकू येतात. कुणाच्या सुनेचं बाळंतपण दिवाळीत, कुणाचा मुलगा पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो, कुणाच्या विहिरीला अजून पाझर फुटलेला नाही. सर्वेक्षणाच्या नमुन्यात ‘कौटुंबिक माहिती’ म्हणून अर्धं पान असतं. ते पान इथं रानात भरून निघतं, कुणाला दारात उभं करून प्रश्न विचारावे लागत नाहीत.

१२ ते २

महाविद्यालयाच्या वेळापत्रकात सकाळी १० ते सायंकाळी ५ ही ‘प्रात्यक्षिकांची वेळ’ आहे. बाकी चौघी आज ग्रामपंचायतीसमोर पाच टक्के निंबोळी अर्काचं प्रात्यक्षिक करत होत्या. काल संध्याकाळी पाच किलो निंबोळीची भरड दहा लिटर पाण्यात भिजत घातलेली. सकाळी फडक्यातून गाळायची, साबणाचं पाणी मिसळायचं, एकूण पाणी शंभर लिटर करायचं. मैत्रिणींनी सगळं नीट केलं. समोर बसले होते पारावरचे चार म्हातारे, अंगणवाडीची मुलं आणि ग्रामपंचायतीचा शिपाई. फवारणी करणारा एकही माणूस नव्हता, कारण फवारणी करणारी माणसं त्या वेळी रानात होती. फोटो निघाला, सह्या झाल्या, नोंदवहीत प्रात्यक्षिक पूर्ण झालं.

हा कार्यक्रम मुळात फार विचारानं आलेला आहे. १९९० च्या दशकात रंधावा समितीनं कृषी पदवीच्या मुलांनी शेतकऱ्यांच्या घरी, गावात राहून शिकावं अशी शिफारस केली. पुढं २५ जुलै २०१५ ला भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या स्थापनादिनाच्या कार्यक्रमात ‘स्टुडंट रेडी’ योजना जाहीर झाली आणि रावे तिचा एक भाग बनला. गावात राहणं हा त्याचा गाभा. आणि राहायचंच असेल, तर कामाची वेळ गावाची असायला हवी. पहाटे, डेअरीवर, रानात, रात्री जेवणानंतर. माझी ही तक्रार नाही, मागणी आहे, आणि सत्राच्या अहवालात मी ती स्पष्ट शब्दांत लिहिणार आहे.

जेवण रानातच. भाकरी, तांदुळजाची भाजी, कांदा. बायका गोल करून बसतात आणि प्रत्येकीच्या फडक्यातलं थोडं थोडं सगळ्यांपुढं फिरतं. जेवल्यावर मी शेजारच्या पडीक तुकड्यातून मातीचे नमुने घेतले. नागमोडी चालत, बांध, झाड आणि उकिरड्याची जागा सोडून, वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, त्याच्या कडेची माती. मग ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत.

२.३०

आभाळ भरलं आणि मोठी सर आली. रान सुटलं. ओल्या काळ्या मातीत औत चालत नाही, खुरपं चिकटतं. पुन्हा वाफसा येईपर्यंत काम बंद. आमच्या वेळापत्रकात नसलेला हा मोकळा वेळ पावसानं दिला. मी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात गेले, रांगोळीचा डबा आणि गुलाल मागवला. सहभागी मूल्यांकनातला गावनकाशा आज काढायचा. नियम साधा आहे: नकाशा गावानं काढायचा, आपण फक्त विचारायचं.

हे गाव १९९३ नंतर वसलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारं हेच छप्पर माणसांवर आलं. लातूर-उस्मानाबादेतली कितीतरी गावं भुईसपाट झाली आणि हजारो माणसं गेली. मग नवी गावं आखली गेली. सरळ रुंद रस्ते, रांगेत घरं.

तरुण पोरांनी रांगोळीनं तेच काढायला घेतलं. चौकोन, चौकोन, पाण्याची टाकी, शाळा. आप्पा थोडा वेळ बघत होते. मग डबा हातात घेऊन ते मंडपाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि वेगळंच काढू लागले. वाकडी गल्ली, वेस, महादेवाचं देऊळ, त्याच्यामागं बारव, ओढ्याकडं उतरणारी वाट. आणखी दोन म्हातारे उठून गेले. “वाडा इथं न्हाई, बारवेच्या अलीकडं,” म्हणत एकानं रेघ पुसून पुन्हा काढली. तिसऱ्यानं प्रत्येक घराला नाव दिलं. त्यातल्या काही नावांपाशी तो थांबायचा, आणि कुणी त्याला घाई करत नव्हतं.

मी मध्ये बोलले नाही. एका बाजूला पोरांचं गाव, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्यांचं. दोन्हींच्या मध्ये मंडपाची मोकळी फरशी उरली होती. मावशींनी ती बघितली आणि गुलालाची एक लांब रेघ ओढली, नव्या गावातून जुन्या गावाकडं. “ही आमची रोजची वाट,” त्या म्हणाल्या. रानं जुन्या गावाभोवतीच राहिली, घरं लांब गेली. पाण्याचा हंडा, भाकरी, वैरणीचा भारा, सगळं या रेघेवरून. आणि पोरांनी काढलेल्या चौकोनांत गोठा कुठंच नव्हता, कारण नव्या घरांत जनावरांना जागाच धरलेली नव्हती. मागाहून ज्यानं त्यानं पत्रे टाकून केली.

मग घरांच्या आकाराचा विषय निघाला. पुनर्वसनात जमिनीच्या धारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली गेली होती. म्हणजे १९९३ साली कुणाकडं किती जमीन होती, हे आजही या गावात रस्त्यावरून चालताना दिसतं. माझ्या सर्वेक्षणाच्या नमुन्यात शेतकऱ्यांचे अल्पभूधारक, मध्यम, मोठा असे गट आहेत आणि मी इतके दिवस घराकडं बघून मनाशी अंदाज बांधत होते. एका आजीनं ७५० फुटी घरांच्या ओळीवर बोट ठेवलं: “यात आता तीन-तीन चुली हायेत. रान वाटून गेलं. मोठं न्हाई ऱ्हायलं कुणी.” दुसरीनं २५० च्या ओळीतली दोन घरं दाखवली, ज्यांनी नोकरीच्या पैशातून जमीन घेतली. नमुन्यातले सगळे गट आता मला सातबारा आणि आठ-अ समोर ठेवून पुन्हा तपासावे लागतील.

काळरेषा सगळ्यांत शेवटी काढली. १९७२ चा दुष्काळ, त्यात मिळालेली सुकडी. १९९३. २०१६ चा एप्रिल, लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते. २०२२ च्या गोगलगायी. सोयाबीन गावात पहिल्यांदा कुणी पेरलं यावर दोन घरांत वाद झाला आणि तो मिटला नाही. मी दोन्ही नावं लिहून घेतली. दोन-अडीच तास गेले. कुणी उठून गेलं नव्हतं.

६

पोरं मोबाइल घेऊन येतात, ई-पीक पाहणी कशी करायची विचारायला. खरिपाची नोंद १ ऑगस्टपासून सुरू झाली आहे. पारावर बसून ती होत नाही. शिवारात, त्या गटात उभं राहूनच पिकाचा फोटो घ्यावा लागतो. नोंद राहिली तर सातबारावर पीक येत नाही आणि नुकसानभरपाईच्या वेळी अडचण होते. उद्या रानं ओली असतील, कोळपी बंद, म्हणून सकाळी दहा वाजता ओढ्याकडच्या गटांपासून सुरुवात करायची ठरलं. ज्या दोन घरांत स्मार्टफोन नाही, त्यांची नोंद शेजारचा पोरगा आपल्या फोनवरून करून देणार आहे.

संध्याकाळी पुन्हा गोणपाटं भिजवून बांधाला टाकली. आज पाऊस झाला आहे, पहाटे बादली लवकर भरेल.

रात्री ८.३०

भांडी घासून झाली की बचत गटाच्या बायका मावशींच्या ओट्यावर जमतात. दिवसभरात त्यांना हाच तास स्वतःचा. हप्ते गोळा होतात, वहीत सह्या होतात आणि मग एकजण विचारते, “बियाणं दरसाल इकत घ्यायचं का?”

सोयाबीनचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं. त्यामुळं चांगल्या वाणाचं प्रमाणित बियाणं एकदा आणलं, तर त्याच्यापासूनचं घरचं बियाणं तीनेक वर्षं वापरता येतं. पण त्याचं साल फार पातळ. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले की दाणा वरून धड दिसतो आणि आतून फुटलेला असतो. पोती उंचावरून आपटली, थप्पी उंच लावली, थेट फरशीवर ठेवली, तरी उगवण घटते. खाली लाकडी फळ्या हव्यात. पेरणीच्या आधी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळून ठेवायचे आणि मोड मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त आले तर बियाणं चांगलं. त्याखाली आले तर त्या मानानं बियाणं वाढवायचं, आणि फारच कमी आले तर ते पेरायचंच नाही.

“मळणी यंत्रापाशी आम्हाला कोण उभं करतंय?” एक तरुण सून म्हणाली. खरंच होतं ते. यंत्र भाड्यानं येतं, यंत्रवाल्याला पुढच्या रानात जायची घाई असते, आणि बोलणी पुरुष करतात. त्यावर मावशींनी रस्ता काढला: बियाण्याचा तुकडा आधीच वेगळा धरायचा आणि तेवढा काठीनं बडवून घ्यायचा. अर्धा एकर असेल तर दोन दिवसांचं काम, सावडीनं होईल. मला हे सुचलं नव्हतं. बडवलेल्या दाण्याला यंत्रापेक्षा कमी मार लागतो, म्हणजे बियाण्यासाठी ही पद्धत चांगलीच.

तुकडा मात्र आत्ताच ठरवायला हवा, कारण बियाण्याची निवड फुलोऱ्यापासून सुरू होते. आठ-दहा दिवसांत फुलं लागतील. त्या वेळी ज्याच्या फुलाचा रंग किंवा झाडाची ठेवण वेगळी दिसेल ते झाड भेसळीचं, ते उपटून टाकायचं. ओळीओळीतून फिरून हे करायला खुरपणीच्या टोळीइतकं योग्य कुणी नाही. बायकांनी तिथंच मोजलं: पाचजणी आपापल्या रानातला अर्धा अर्धा एकर सोडायला तयार आहेत, दोघी घरी विचारून सांगणार.

१०

दैनंदिनी लिहायला बसले. सभामंडपातल्या दोन्ही नकाशांचे फोटो मोठ्या कागदावर उतरवून घ्यायचे आहेत, रांगोळी उद्या झाडली जाईल. मातीच्या पिशव्यांवर गटक्रमांक घालायचे राहिले आहेत, तेही आत्ताच करायला हवं. निंबोळी अर्काचं प्रात्यक्षिक पुन्हा घ्यायचं ठरलं आहे, या वेळी सकाळी साडेसहाला डेअरीच्या रांगेत. मैत्रीण त्यासाठी उद्या संध्याकाळी भरड भिजत घालील. बियाण्याच्या तुकड्यांसाठी फुलोऱ्याच्या दिवसांत मी टोळीबरोबर सकाळी आठला निघेन. पहिलं रान कुणाचं, यावर ओट्यावर अजून बोलणं चालू आहे. मावशींचं म्हणणं, ओढ्याकडचं पीक आधी फुलेल, तिथून सुरू करावं. दुसरीचं म्हणणं, माळावरचं आधी, कारण तिथं पेरणी चार दिवस अगोदर झाली होती.